‘टेन्शन घेऊ नका’ कागदावर कधी येणार?

अँजिओप्लास्टीनंतर घरी सोडताना पेशंटच्या हातात कागद येतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी, मीठ कमी, पंधरा दिवसांनी दाखवायला या. आणि निघता निघता तोंडी एक वाक्य: ‘टेन्शन घेऊ नका.’ कागदावर ते कुठेच नसतं. माझी तक्रार आहे ती नेमकी याची.

टेन्शन डोक्यात आणि ब्लॉकेज छातीत, यांच्यामधली वाट आता बरीचशी उलगडली आहे. ती चक्क हाडांमधून जाते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या अहमद तवाकोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये २९३ जणांच्या पेट स्कॅनचा अभ्यास प्रसिद्ध केला. धोका ओळखणारा मेंदूतला बदामाएवढा भाग म्हणजे अमिग्डाला. तो ज्यांच्यात जास्त जागा होता, त्यांच्या अस्थिमज्जेत जास्त हालचाल दिसली, धमन्यांना सूज जास्त दिसली आणि पुढच्या काही वर्षांत हृदयविकार, पक्षाघात यांसारखे त्रासही त्यांनाच अधिक झाले. असे त्रास झालेले एकूण २२ जण. एवढ्यावर निकाल देता येत नाही. पण त्याआधी, २०१४ मध्ये, आयसीयूत ड्युटी करणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या रक्तातही पांढऱ्या पेशी वाढलेल्या आढळल्या होत्या. उंदरांवर कारणही दिसलं: सततच्या ताणात नॉरॲड्रेनालिन मज्जेपर्यंत पोचतं, तिथल्या मूळ पेशी भराभर वाढतात आणि त्यांतून निघालेल्या दाहक पेशी धमनीतल्या चरबीच्या थरात शिरून तो फुटायला सोपा करतात.

आता अँजिओप्लास्टीत धमनीत बसवलेल्या जाळीकडे, म्हणजे स्टेंटकडे पाहा. स्टेनलेस स्टीलची जागा कोबाल्ट-क्रोमियमने घेतली, तेव्हा जाळीच्या तारा बारीक करूनही ताकद टिकली. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं सिरोलिमस पॉलिमरच्या लेपातून हळूहळू झिरपतं आणि जाळीच्या आत पेशींची दाटी होऊ देत नाही. हृदय दिवसाला लाखभर ठोके देतं, म्हणून दहा वर्षांचे, म्हणजे जवळपास ४० कोटी ठोके ही जाळी सोसेल की नाही, हे प्रयोगशाळेत आधी तपासतात. धातूचा थकवा आपण इतक्या निगुतीने मोजतो. तो धातू ज्याच्या छातीत आहे त्याला रात्री झोप लागते का, नोकरी टिकेल का, घरात काय चाललंय, हे कोण विचारतं? शिवाय स्टेंट एकच जागा मोकळी करतो. मज्जेतून निघालेल्या पेशी सगळ्याच धमन्यांतून फिरतात.

ताणावर उपचार करून उपयोग होतो का? अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात १५१ पेशंट होते. नेहमीच्या पुनर्वसनाला ताण हाताळण्याचं प्रशिक्षण जोडलं, तेव्हा पुढे हृदयाचे गंभीर त्रास १८ टक्क्यांना झाले. नुसत्या पुनर्वसनात हे प्रमाण ३३ टक्के होतं. आपल्याकडे जवळपास चार हजार पेशंटवर झालेल्या ‘योगा-केअर’ चाचणीत लोकांना अधिक बरं वाटलं, पण झटके वा मृत्यू नक्की कमी झाले असं सिद्ध झालं नाही. दोन्ही निकाल मी मुद्दाम शेजारीशेजारी ठेवतो, कारण खोटी आशा विकायची नाही. विचारायला मात्र एवढा पुरावा पुरे.

केंद्राने २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीला लगाम घातला. औषधी लेपाचा स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. ते करता आलं, तर डिस्चार्जच्या कागदावर दोन ओळी वाढवणं अवघड नाही: झोप कशी आहे, आणि मनाला काय खातंय. उत्तर ऐकायला दहा मिनिटं, आणि पुढे कोणाला भेटायचं त्याची तारीख.