शिक्का इकडे, कौल तिकडे

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यानं 5 नोव्हेंबर 2024 रोजी डोनाल्ड ट्रम्प यांना 58 टक्क्यांहून जास्त मतं दिली. गव्हर्नरपदी रिपब्लिकन पक्षाचे माइक किहो निवडून आले. उपगव्हर्नर, सेक्रेटरी ऑफ स्टेट, अ‍ॅटर्नी जनरल आणि खजिनदार ही पदंही तिथं थेट लोकांच्या मतानं भरतात; तीही सगळी त्याच पक्षाकडं गेली. त्याच मतपत्रिकेवर राज्याचे सहा प्रश्नही छापलेले होते. त्यांपैकी एकात या लोकांनी, पक्षाचा कडवा विरोध असलेला गर्भपाताचा हक्क 51.6 टक्के मतांनी राज्यघटनेत घातला. दुसऱ्यात किमान वेतन ताशी 15 डॉलरपर्यंत नेणारा आणि पगारी आजारी रजा देणारा कायदा 57 टक्क्यांहून जास्त मतांनी मंजूर केला.

यावर शहाण्यांचा पूर्वपक्ष ठरलेला आहे. म्हणे, मतदार गोंधळलेला आहे. एका हातानं एका विचाराचं सरकार आणायचं आणि दुसऱ्या हातानं त्याच्याच धोरणाला लाथ घालायची, याला काय म्हणायचं? अशा माणसाकडं धोरणाचे प्रश्न न्यावेतच कशाला? त्यानं प्रतिनिधी निवडावा आणि पाच वर्षं गप्प बसावं.

मला यात गोंधळ कुठं दिसत नाही. ढोबळ हिशेब करा. एका बाजूला किहो यांचे 59 टक्के, दुसऱ्या बाजूला वेतनवाढीचे 57. म्हणजे शंभरातल्या किमान पंधरा माणसांनी किहो यांनाही मत दिलं आणि वेतनवाढीलाही. त्यांना राज्य चालवायला अमुक माणूस हवा होता आणि तासाला 15 डॉलरही हवे होते. यात विसंगती दिसते ती फक्त पक्षाच्या कार्यालयात बसलेल्याला. कारण माणूस एकदा आपला झाला की त्याची सगळी मतं आपल्या खात्यात जमा, असा तिथला हिशेब असतो.

आणि ही अमेरिकी तऱ्हा आहे असंही कुणी समजू नये. आपल्या शेजारी गोव्यात 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल झाला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश. विलीनीकरण हा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा प्राण होता. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळानं आधी राजीनामा दिला होता. दोन पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170. पक्ष संपला, असं वाटायला हरकत नव्हती. पण मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच गोव्यानं तीसपैकी सोळा जागा देऊन भाऊसाहेबांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. भाऊसाहेब हवेत, विलीनीकरण नको. इतकं स्वच्छ उत्तर एकाच मतपेटीतून कधीच निघालं नसतं. नुसती निवडणूक घेऊन विलीनीकरणाचा निर्णय करून टाकला असता, तर सोळा आमदारांच्या बळावर गोवा आज महाराष्ट्राचा एक जिल्हा असता. महाराष्ट्रातल्या पुष्कळांना तो निकाल तेव्हा झोंबला होता. झोंबला म्हणून तो चुकीचा ठरत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो पोकळ नाही. कॅलिफोर्नियात 2020 साली उबर, लिफ्ट वगैरे कंपन्यांनी 20 कोटी डॉलरांहून जास्त ओतून आपल्या चालकांना कर्मचारी न मानण्याची सवलत मतपेटीतून मिळवली. हे डोळ्याआड करून चालणार नाही. पण त्याच राज्यात 2022 साली जुगाराच्या दोन प्रस्तावांवर मिळून 40 कोटी डॉलरांच्या वर खर्च झाला आणि दोन्ही आपटले. ऑनलाइन सट्ट्याच्या प्रस्तावाविरुद्ध तर शंभरातल्या ऐंशीहून जास्त लोकांनी मत दिलं. मिसूरीत 2024 साली सट्टा कंपन्यांनी चार कोटींहून जास्त डॉलर खर्चून खेळांवरचा सट्टा कायदेशीर केला, तो तीन हजारांहून कमी मतांनी. पैसा इथं बोलतो, पण त्याला मतदाराच्या घरोघर जाऊन बोलावं लागतं. विधिमंडळात त्याचं काम पुष्कळ स्वस्तात भागतं. पैशाचा आक्षेप घेणाऱ्यानं आधी सांगावं, की आमदार विकत घेणं अधिक कठीण आहे.

खरा घोळ मतदाराकडं नाही, प्रश्न लिहिणाऱ्याकडं आहे. मिसूरीच्या लोकांनी 2018 साली 62 टक्के मतांनी मतदारसंघ आखण्याची न्याय्य पद्धत घटनेत घातली. विधिमंडळाला ती नको होती. दोन वर्षांनी त्यानं ती मोडणारा नवा प्रश्न विचारला, पण त्याच्या तोंडाशी काय ठेवलं? लॉबिंग करणाऱ्यांनी आमदारांना द्यायच्या भेटींवरची पाच डॉलरांची मर्यादा शून्यावर आणू. राज्य सिनेटच्या उमेदवाराला मिळणाऱ्या देणगीची कमाल 2,500 डॉलरांवरून 2,400 करू. भ्रष्टाचाराला आळा घालणारी एवढी दोन वाक्यं वाचून माणूस होय म्हणतो, आणि खाली मतदारसंघांची कैची चालते. प्रस्ताव 51 टक्क्यांनी पास झाला. साखरेत घोळवलेली कडू गोळी. लोक फसले, हे खरंच. पण फसवणूक करणाऱ्यांना सोडून फसलेल्याचा मताधिकार कमी करा, हा कुठला न्याय?

इथंच पदं वेगवेगळी निवडण्याची गंमत कळते. गर्भपाताच्या प्रस्तावासाठी 2023 साली सह्या गोळा करायच्या होत्या. त्याआधी त्याचा सरकारी तिजोरीवरचा भार ऑडिटरनं ठरवायचा असतो. ऑडिटर स्कॉट फिट्झपॅट्रिक रिपब्लिकन, स्वतः गर्भपाताच्या विरोधातले. त्यांनी आकडा काढला: स्थानिक संस्थांना वर्षाला 51 हजार डॉलर. अ‍ॅटर्नी जनरल अँड्र्यू बेली त्याच पक्षाचे. त्यांना अब्जावधींचा आकडा हवा होता आणि तो मिळेना म्हणून त्यांनी कागद अडवून धरला. फिट्झपॅट्रिक हटले नाहीत. शेवटी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं बेलींना मंजुरी द्यायला लावली. तिकडं सेक्रेटरी ऑफ स्टेट जे अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी मतपत्रिकेसाठी लिहिलेला सारांश इतका भडक होता की न्यायालयाला तोही नव्यानं लिहावा लागला. हे सगळे गव्हर्नरच्या मर्जीतले नेमलेले अधिकारी असते, तर 51 हजारांचे अब्ज व्हायला एक फोन पुरला असता. फिट्झपॅट्रिक यांना तो फोन करणारा वरचा साहेबच नव्हता. ते लोकांनी निवडलेले होते, आणि त्यांचं काम हिशेब करणं एवढंच होतं. बेली तर तेव्हा गव्हर्नरनं रिकाम्या जागी नेमलेलेच होते. पण त्यांना अडवायला समोर तेवढ्याच वजनाचा माणूस उभा होता.

आपल्याकडं हा विचार परका वाटतो, कारण आपण थेट निवडीचा खेळ करून टाकला आहे. सरपंच थेट लोकांतून, हा कायदा 2017 साली एका सरकारनं केला, 2020 साली दुसऱ्यानं मोडला, 2022 साली तिसऱ्यानं परत आणला. प्रत्येकानं तो आपल्या सोयीनं पाहिला. पण थेट प्रश्नाचं अस्सल मराठी उदाहरण आपल्या गावागावांत आहे: बाटली आडवी की उभी. पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की दारूच्या दुकानावर मतदान घ्यावं लागतं, आणि निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. त्या बायका आमदारकीला कुणाला मत देतात, हे कुणी विचारत नाही. त्यांना एक प्रश्न विचारला जातो, त्या एका प्रश्नाचं उत्तर देतात. मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या निम्म्याहून जास्त जणींची मतं लागतात ही अट मात्र जाचक आहे. एवढी कसोटी आमदाराला लावली तर विधानसभेत किती खुर्च्या भरतील?

एक आक्षेप मी उडवून लावणार नाही. बहुमत अल्पसंख्याकांच्या हक्कांवर चाल करून जाऊ शकतं. कॅलिफोर्नियानं 2008 साली ज्या दिवशी ओबामांना 61 टक्के मतं दिली, त्याच दिवशी समलिंगी विवाहावर 52 टक्क्यांनी बंदी घातली. मिसूरीनं तशीच बंदी 2004 साली सत्तर टक्क्यांनी घातली होती. मूलभूत हक्क मतपेटीत टाकायचे नसतात, आणि त्यासाठी न्यायालयाची भिंत लागतेच. पण मिसूरीची ती बंदी कुणी लोकांसमोर ठेवली होती? विधिमंडळानं. प्रतिनिधींच्या हातात हक्क सुरक्षित असतात, हे गृहीत धरणाऱ्यांनी तो कागद पाहावा.

मिसूरीतले प्रतिनिधी मात्र पाच वर्षं गप्प बसा म्हणणाऱ्यांना सवाई निघाले. गरिबांच्या मेडिकेड आरोग्ययोजनेचा विस्तार लोकांनी 2020 साली मंजूर केला. विधिमंडळानं पैसे द्यायचंच नाकारलं आणि 2021 साली न्यायालयानं ते द्यायला लावलं. 2024 ची पगारी आजारी रजा घटनेत नव्हे, साध्या कायद्यात होती, म्हणून विधिमंडळाला ती मोडता आली. किहोंनी जुलै 2025 मध्ये सही केली. लोक साधी साधी कलमं घटनेत का कोंबतात म्हणून नाक मुरडणाऱ्यांना याचं कारण इथं सापडेल. गर्भपाताचा हक्क काढून घेण्याचा प्रस्तावही 2026 च्या नोव्हेंबरसाठी पाठवला गेला, आणि त्याला 2024 च्या प्रस्तावाचाच 3 हा क्रमांक दिला गेला.

त्याच्या जोडीला आणखी एक प्रस्ताव आहे. लोकांनी सह्या गोळा करून आणलेली घटनादुरुस्तीला यापुढं नुसतं राज्यभराचं बहुमत मिळवून भागणार नाही. अमेरिकी काँग्रेसच्या राज्यातल्या आठही मतदारसंघांत तिला वेगवेगळं बहुमत लागेल. सात मतदारसंघ भरभरून होय म्हणाले आणि आठव्यात एक मत कमी पडलं, तर सगळं पाण्यात. विधिमंडळानं स्वतः पाठवलेल्या दुरुस्त्यांना हा नियम लागू नाही. आणि हा नियम घटनेत घालायला मात्र राज्यभराचं साधं बहुमत पुरेसं आहे.