यंत्र चांगले, पण कशापेक्षा?

काही वर्षांपूर्वी एका सरकारी रुग्णालयाच्या खरेदी समितीवर वित्त शाखेचा सदस्य म्हणून बसण्याचा प्रसंग आला. विषय होता भुलेची खोली मोजणाऱ्या यंत्रांच्या खरेदीचा. बीआयएस या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र कपाळावरच्या पट्टीतून मेंदूतील विद्युत लहरी टिपते आणि ० ते १०० यांमधला एक आकडा दाखवते. शस्त्रक्रियेच्या वेळी तो ४० ते ६० यांच्या दरम्यान असावा, अशी अपेक्षा असते. प्रस्तावासोबत एक शोधनिबंध जोडलेला होता. निविदा आल्या, तांत्रिक छाननी झाली, सर्वांत कमी दर स्वीकारला गेला आणि मी सही केली. लेखापरीक्षकाला बोट ठेवता येईल अशी त्रुटी त्या धारिकेत नव्हती. मात्र एक प्रश्न कोणीच विचारला नाही, मीही नाही. हे यंत्र चांगले, पण कशापेक्षा?

या यंत्राचा हेतू गंभीर आहे. क्वचित एखाद्या रुग्णाला शस्त्रक्रिया चालू असतानाच जाग येते. स्नायू शिथिल करणारे औषध दिलेले असल्याने त्याला हालता किंवा बोलता येत नाही, आणि तो अनुभव पुढे वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही. अशी जाग येण्याचा धोका अधिक असलेल्या २,४६३ रुग्णांवरील चाचणी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या पद्धतीने भूल दिलेल्या गटात ११ जणांना जाग आल्याचे आढळले, तर बीआयएस वापरलेल्या गटात दोघांना. आमच्या प्रस्तावाला जोडलेला निबंध तो हाच.

पुढे २००८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये सुमारे २,००० रुग्णांवरील दुसरी चाचणी आली. तिच्यात तुलनेचा गट वेगळा होता. त्या गटातील रुग्णांच्या उच्छ्वासातील भुलेच्या वायूचे प्रमाण मोजले जात होते, आणि ते ठरावीक मर्यादेबाहेर गेले की गजर वाजत होता. दोन्ही गटांत जाग आलेले रुग्ण प्रत्येकी दोन. २०११ साली सुमारे ६,००० रुग्णांवर हीच तुलना पुन्हा झाली, तेव्हा बीआयएस गटात सात जणांना आणि वायूच्या गजराच्या गटात दोघांना निश्चित जाग आल्याचे दिसले. नव्या यंत्राची सरशी सिद्ध झाली नाही.

वरवर पाहता या चाचण्या परस्परविरोधी वाटतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यांत विरोध दिसू नये. पहिलीने विचारले, नेहमीच्या पद्धतीत या यंत्राची भर घातली तर काय मिळते? पुढच्या दोघींनी विचारले, वायू मोजणारा गजर हाताशी असताना आणखी काय मिळते? लाभ सीमांत असतो, तो आधी काय उपलब्ध आहे यावर ठरतो. नसेतून औषध देऊन भूल दिली जाते तेव्हा मोजायला वायूच नसतो, आणि तेथे बीआयएसची उपयुक्तता निराळी. आमच्या रुग्णालयात मात्र बहुतेक भूल वायूनेच दिली जाई आणि वायू मोजण्याची सोयही होती. तिचे गजर चालू ठेवले जातात का, एवढे विचारले असते तरी पुरे होते.

दोन वर्षांनी त्याच रुग्णालयात गेलो, तेव्हा बरीच यंत्रे कपाटात आच्छादनाखाली होती. कपाळावरची पट्टी एकाच रुग्णासाठी वापरायची असते. यंत्रे भांडवली शीर्षातून आली होती, पण पट्ट्यांसाठी चालू खर्चात कोणीच तरतूद केली नव्हती.

याचा अर्थ, पुरावा दाखवा नाहीतर पैसे मिळणार नाहीत, असा पवित्रा वित्त शाखेने घ्यावा असे नव्हे. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू दाखवणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरची कथा त्यासाठी लक्षात ठेवावी. डेन्मार्कमध्ये झालेल्या २०,८०२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. प्राणवायू कमी झाल्याचे प्रसंग या उपकरणामुळे कितीतरी पटींनी अधिक लक्षात आले, पण शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंती किंवा मृत्यू यांत लक्षणीय फरक दिसला नाही. त्या देशात मी वित्त सदस्य असतो तर बहुधा प्रस्ताव परत पाठवला असता, आणि तो निर्णय चुकला असता. भुलेमुळे होणारे मृत्यू इतके विरळ असतात की वीस हजार रुग्णही अपुरे पडतात. शिवाय तुलना होती ती सुसज्ज शस्त्रक्रियागृहातील प्रशिक्षित भूलतज्ज्ञांशी. जेथे ओठांचा रंग आणि नाडीवरचे बोट एवढाच आधार आहे, तेथे त्याच उपकरणाचे मोल फार वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित शस्त्रक्रियेच्या पडताळणी सूचीत त्याला स्थान दिले ते योग्यच झाले.

आपल्याकडे तौलनिक संशोधनाची वाण नाही. भूलशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो, आणि अनेक प्रबंध साठ-सत्तर रुग्णांवर दोन उपकरणांची किंवा औषधाच्या दोन मात्रांची तुलना करतात. नळी घालायला किती सेकंद लागले हे एवढ्या संख्येत कळते, रुग्ण वाचला की नाही यातला फरक कळत नाही. वीस महाविद्यालयांनी एकच प्रश्न, एकच मोजमाप आणि एकच कार्यपद्धती ठरवली, तर त्याच श्रमांतून हजारो रुग्णांची चाचणी उभी राहील. भारतातील चाचण्यांची नोंदवही २००७ पासून आहे, २००९ पासून नोंदणी बंधनकारकही आहे. उणीव आहे ती समन्वयाची, आणि समन्वय हे तर प्रशासनाचेच काम.

दुसरी सूचना खरेदीविषयी. निधी टप्प्याटप्प्याने येत असल्याने उपकरणेही टप्प्यांतच पोहोचतात. नैतिकता समितीची संमती घेऊन कोणत्या रुग्णालयाला आधी द्यायचे हे शिफारशींऐवजी चिठ्ठ्या टाकून ठरवले, तर तुलनेचा गट आपोआप तयार होतो. अधिक खर्च येईल तो केवळ नोंदी नीट ठेवण्याचा.

असो. त्या धारिकेवरील माझी सही आता पुसता येणार नाही. मात्र तेव्हापासून अशा प्रस्तावांवर मी दोन प्रश्न लिहितो. आज या कामासाठी काय वापरले जाते, आणि त्यापेक्षा हे सरस असल्याचे कोणत्या रुग्णांत दिसले? तिसऱ्या वर्षी लागणाऱ्या साहित्याचा खर्च कोणत्या शीर्षातून? उत्तर येईपर्यंत धारिका थोडी रेंगाळते, आणि त्याबद्दल मला बोलही लागतो.