गुन्हेगारीशास्त्रात एम.ए. करायचंय?

परवा संध्याकाळी शेजारच्या काकू एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आल्या. त्यांची मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली आणि आता तिला 'फोरेन्सिक'च करायचं आहे. म्हणजे नेमकं काय, असं विचारल्यावर तिने जे सांगितलं, त्यात बोटांचे ठसे होते, रक्ताचे डाग होते आणि 'सीआयडी'तले डॉक्टर साळुंखे होते. १९९८ साली सुरू झालेली ती मालिका बघत एक अख्खी पिढी मोठी झाली, तेव्हा तिला तरी काय बोलणार! काकूंची काळजी वेगळीच होती. "दोन्ही वर्षांची फी आगाऊ मागताहेत. भरून टाकू का? आणि शिकल्यावर ती पोलिसात लागेल ना?"

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' असंच होतं.

आधी पोलिसांचं बघू. फौजदाराच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि आयपीएससाठीही तसंच. गुन्हेगारीशास्त्राच्या एम.ए.मुळे अभ्यासाला थोडी मदत होईल, पण वर्दी त्या पदवीने मिळत नाही. तेवढ्यासाठी दोन वर्षं आणि घरातले पैसे घालवू नयेत.

दुसरी गफलत नावांची. फोरेन्सिक सायन्स, म्हणजे न्यायसहायक विज्ञान, हे प्रयोगशाळेतलं काम आहे. त्याच्या एम.एस्सी.ला बी.एस्सी. लागते. गांधीनगरचं राष्ट्रीय फोरेन्सिक सायन्सेस विद्यापीठ किंवा मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था ही त्या वाटेवरची नावं. या क्षेत्राला सध्या मागणीही आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद आहे आणि ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. पण रसायनशास्त्र, जीवशास्त्र बारावीतच सोडून दिलेल्या मुलीला या मागणीचा काय उपयोग? (फोरेन्सिक मानसशास्त्राचे वेगळे अभ्यासक्रम काही ठिकाणी आहेत, त्यांची पात्रता वेगळी पाहावी.) फौजदारी कायद्यातलं एल.एल.एम. आता एका वर्षात होतं, पण त्याला आधी एल.एल.बी. हवं.

उरतं ते गुन्हेगारीशास्त्र. माणूस गुन्हा का करतो, पकडल्यावर त्याचं काय होतं, ज्याच्यावर अन्याय झाला त्याला कोण विचारतं, याचा हा अभ्यास. सागरच्या विद्यापीठात १९५९ सालीच याचा विभाग सुरू झाला. धारवाड, चेन्नई, तिरुनेलवेली इथल्या विद्यापीठांतही तो शिकवला जातो. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत मात्र तो समाजकार्याच्या एम.ए.चा भाग आहे आणि मला वाटतं, हा फरक पालकांनी नीट समजून घ्यावा. तिथे विद्यार्थ्याला वर्गाबरोबर प्रत्यक्ष कामावरही जावं लागतं. याच संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिलांसाठी समुपदेशन कक्ष उघडला. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईचं म्हणणं तिथे प्रशिक्षित कार्यकर्ती ऐकून घेते. १९९० साली 'प्रयास' हा प्रकल्प तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांसाठी सुरू झाला.

कच्चे कैदी म्हणजे खटला अजून संपलेला नाही, असे. देशातल्या तुरुंगांत दर चौघांपैकी साधारण तिघे असेच आहेत. जामीन मंजूर होऊनही कित्येकजण आतच राहतात, कारण जामीनदार मिळत नाही, कधी रक्कम भरायला कोणी नसतं, कधी घरच्यांना तो कुठे आहे हेच माहीत नसतं. मग कोणीतरी पत्ता शोधायचा, गावी निरोप द्यायचा, वकिलाच्या मागे लागायचं. या अभ्यासक्रमातून तयार होणारी मुलं हे करतात. मालिकेत दाखवण्यासारखं त्यात काही नसतं.

हे सांगताच काकूंचा चेहरा उतरला. "तुरुंगात पाठवायचं पोरीला?" हा प्रश्न प्रत्येक घरात येणार, तेव्हा तो प्रवेशाआधीच येऊ द्यावा. अर्ध्यावर शिक्षण सोडण्यापेक्षा ते बरं. पगाराचंही खोटं सांगणार नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या बहुतेक जागा कंत्राटी असतात, स्वयंसेवी संस्थांचे पगार बेताचे. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सरकारी जागा आहेत, पण जाहिरात निघायची वाट बघावी लागते. त्या जाहिराती आधी मिळवून वाचा. त्यांत कोणती पदवी मागितली आहे, तेवढं पाहिलं तरी माहितीपत्रकाची निम्मी चमक उतरते.

त्या माहितीपत्रकात मी दोन गोष्टी शोधल्या. प्रत्यक्ष काम कुठे करायला मिळणार आणि पदवी कोणत्या विद्यापीठाची. पहिलीचा उल्लेखच नव्हता. दुसरीच्या जागी 'आंतरराष्ट्रीय दर्जाचे प्रमाणपत्र' असं छापलं होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता नसलेल्या अशा कागदावर सरकारी नोकरीचा अर्जही भरता येत नाही. टाटा संस्थेसाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा द्यावी लागते आणि तिचे अर्ज हिवाळ्यातच निघतात, त्यामुळे पदवीच्या निकालाची वाट बघत बसलं तर वर्ष हातचं जातं.

काकूंनी फी भरली नाही. माझ्या ओळखीच्या एक बाई परिवीक्षा अधिकारी आहेत. मुलगी त्यांना भेटून आली. दिवसभर ती त्यांच्या खोलीत बाकावर बसून होती. चोरीत सापडलेला चौदा वर्षांचा मुलगा, त्याची आई, एक पोलीस, असं येणंजाणं चाललेलं. आल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग आईला म्हणाली, "त्या मुलाला शाळेत परत घेईनात. बाईंनी हेडमास्तरांना चार फोन केले."

सीयूईटीचं पुस्तक तिने दुसऱ्या दिवशी आणलं. काकू अजून पुरत्या तयार नाहीत, पण होस्टेल कसं आहे, असं मला दोनदा विचारून गेल्या आहेत.