भाषेला धनी कशाला?

पाणिनीने संस्कृतचे नियम सुमारे ४,००० सूत्रांत बांधले. परंतु त्या नियमांनुसार लिहिणाऱ्याने कोणाची अनुज्ञा घ्यावी, असे आपल्याकडे कोणाच्या मनातही आले नाही. भाषा वापरणाऱ्यांची असते, हे आपण गृहीतच धरले. अमेरिकेत मात्र एका संगणकीय भाषेवरून अकरा वर्षे खटला चालला.

ती भाषा म्हणजे जावा. जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये घडविलेली ही भाषा १९९५ साली जगापुढे आली. लक्षावधी तरुणांनी, त्यांत पुण्या-बंगळुरूचेही आले, तिच्या भरवशावर आपला चरितार्थ उभारला. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली. एप्रिलमध्ये गॉसलिंग बाहेर पडले आणि ऑगस्टमध्ये ओरॅकलने गूगलवर पेटंट व कॉपीराइटच्या भंगाचा दावा ठोकला. निर्माता गेला, मालक उरला!

पेटंटांचा दावा २०१२ साली ज्युरीने फेटाळला. कॉपीराइटचा वाद मात्र पेटतच राहिला. वाद होता सुमारे ११,५०० ओळींचा. त्या ओळी आज्ञांची केवळ नावे आणि मांडणी सांगणाऱ्या होत्या. त्या आज्ञांमागचे काम करणारा भाग गूगलने स्वतः लिहिला होता. दोन संख्यांतील मोठी कोणती हे सांगणाऱ्या आज्ञेस 'मॅक्स' म्हणावे, अशा स्वरूपाचा हा ऐवज! २०१४ साली अपील न्यायालयाने त्यावरही कॉपीराइट असू शकतो, असे म्हटले. अखेर ५ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी गूगलचा वापर न्याय्य ठरविला. परंतु अशा ओळींवर मालकी असू शकते काय, हा मूळ प्रश्न अनिर्णितच ठेवला.

गूगल काही धर्मराज नव्हे. पण त्याच्यापाशी वकिलांची फौज होती. पाच जणांच्या एखाद्या मराठी उद्योगाला अशी एक नोटीस आली, तर तो अकरा महिने तरी तग धरील काय?

आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(के) 'निव्वळ' संगणक आज्ञावलीस पेटंट नाकारते. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने हे कुंपण सैल करू पाहिले. २००५ साली संसदेने तो बदल वगळला. पेटंट कार्यालयाच्या ऑगस्ट २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पुन्हा फट पाडली. विरोध झाल्यावर तीही डिसेंबरमध्ये स्थगित करावी लागली. दोनदा चोर दारातून परतला, म्हणून तिसऱ्यांदा येणारच नाही, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

स्वदेशी म्हणजे केवळ खादी आणि साबण नव्हे. ज्या भाषेत आपली मुले भाकरी कमावतात, ती कोणा एकाच्या तिजोरीत बंद होऊ न देणे, हीही स्वदेशीच आहे. कलम ३(के)चे कुंपण यापुढे एका बोटानेही हलता कामा नये, एवढे शासनाला ठणकावून सांगण्याची हीच वेळ आहे.