उसातून जाणारा रस्ता
बार्बाडोसमध्ये गाडी डावीकडूनच चालवतात, त्यामुळे आपल्या माणसाचा निम्मा ताण तिथेच उतरतो. महामार्गावरच्या काही चौकांना वॉरेल, वीक्स, वॉलकॉट या क्रिकेटपटूंची नावं. क्रिकेटवेड्या देशाला हेच शोभतं! खरी कसोटी आतल्या रस्त्यांवर. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस, रस्ता जेमतेम दीड गाडीचा, वळणापलीकडचं काहीच दिसत नाही. तिथे वेग कमी करून हॉर्न द्यावाच. वाट चुकलात तर बसथांब्याची पाटी बघा. तिच्यावर ‘शहराकडे’ किंवा ‘शहराबाहेर’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ब्रिजटाउन कुठल्या अंगाला ते लगेच कळतं. तरीही विचारावं लागलं, तर आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. नमस्काराशिवाय थेट प्रश्न टाकणं तिथे उद्धटपणाचं मानतात.