गाडी चांगली होती, संसार मोडला

आमच्या जनवाडा-बिदर भागात ‘फियाट’ म्हटलं की जुन्या मिस्त्रीचे हात आपोआप हलू लागतात. बॉनेट उचलायचं, कार्ब्युरेटर उतरवून पेट्रोलनं धुवायचा, जेटमध्ये फुंकर मारायची. १०८९ सीसीचं ते इंजिन पुन्हा बोलू लागायचं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं ही मूळची इटालियन, पुढे ‘पद्मिनी’ म्हणवली गेलेली गाडी कुर्ल्यात चाळीसहून अधिक वर्षं बनवली. तिचा सुटा भाग तालुक्याच्या गावीही मिळे.

त्याच प्रीमियरनं नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोचा हात धरला आणि कल्याणच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ बाहेर पडू लागली. या गाडीचं मूळ गमतीचं आहे. प्यूजोनं १९७८ साली क्रायस्लरचा युरोपातला कारभार विकत घेतला. तिथे टॅल्बट नावानं विकायची म्हणून आखलेली गाडी १९८५ साली प्यूजो होऊन बाजारात आली. युरोपात १९९३ साली तिची जागा ३०६ नं घेतली आणि त्यानंतर ती आपल्याकडे आली. पण तेवढ्यावरून तिला टाकाऊ माल म्हणणं मला पटत नाही. पाच दारं, आरामशीर बैठक, १५२७ सीसीचं काटकसरी डिझेल इंजिन. पद्मिनीत दाटीवाटीनं बसणाऱ्या कुटुंबाला आणखी काय हवं होतं?

संसार मात्र टिकला नाही. प्रीमियरनं फियाटशीही नव्यानं सोयरीक केली, ‘युनो’साठी लाखोंनी नोंदण्या घेतल्या. कल्याणात कामगारांशी बेबनाव झाला. १९९७ च्या सुमारास प्यूजोनं अंग काढून घेतलं. कंपन्यांचं भांडण मिटलं असेल, पण ३०९ घेतलेल्या माणसाची सुट्या भागांसाठी वणवण तिथून सुरू झाली. अशा गाड्या इंजिन धड असूनही भंगारात जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

नाशकात २००७ साली महिंद्राच्या भागीदारीत रेनोची लोगान आली, तीही भागीदारी तीनच वर्षांत तुटली. पण महिंद्रानं ती गाडी सोडली नाही, पुढे ‘व्हेरिटो’ नावानं चालवली. तिचे मालक वाऱ्यावर पडले नाहीत. फरक एवढाच, पण ग्राहकाच्या लेखी तोच सगळा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. परदेशी कंपनीला जमीन आणि सवलती देताना सरकारनं करारातच लिहून घ्यावं: शेवटची गाडी विकल्यापासून १५ वर्षं सुटे भाग पुरवावे लागतील, भागीदारी राहो वा न राहो.