काचेच्या अंड्याचे वय

कोंबडीला फसवावे म्हणून माणसाने काचेचे अंडे केले, आणि आता तेच अंडे माणसाला फसवीत आहे! एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत खुराड्यांतून दुधी काचेची, फुंकून केलेली पोकळ अंडी ठेवीत. ते पाहून कोंबडीने त्याच जागी अंडी घालावीत, एवढाच हेतू. तशाच पांढऱ्या काचेवर फुले नि अक्षरे रंगवून ईस्टरच्या भेटीची अंडीही निघाली. परदेशच्या जुन्या बाजारात हिंडणाऱ्या आपल्या मंडळींना आज ही दोन्ही भेटतात, आणि ‘शंभर वर्षांपूर्वीचे हो!’ हे शब्द विक्रेत्याच्या ओठांवर तयारच असतात.

मी आधी अंड्याचे टोक पाहतो. तिथे एक भोक, त्याची कड खरबरीत किंवा घासलेली. विक्रेता बोट ठेवून म्हणतो, ‘ही सळईची खूण, म्हणजे माल फार जुना.’ बाटलीच्या बाबतीत हे म्हणणे ठीक आहे. तोंड घडवताना बाटली बुडाशी धरावी लागे. पूर्वी ती सळईला चिकटवीत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चिमटा आला आणि बुडावरचा व्रण हळूहळू गेला. पण अंड्याला घडवायला तोंड आहेच कुठे? तो व्रण फुंकनळी तोडल्याचा, आणि फुंकनळी आजही तीच आहे.

दिव्यापुढे धरल्यावर दिसणारी तांबूस झाकही अशीच. ती काचेतल्या सूक्ष्म कणांची करामत, वयाची नव्हे.

‘जर्मनी’ असा इंग्रजी शिक्का मात्र उपयोगी. अमेरिकेच्या १८९० च्या कायद्याने मार्च १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. तेव्हा शिक्क्याचे अंडे बहुधा त्यानंतरचे. शिक्का नसला तर काहीच सिद्ध होत नाही. कागदी चिठ्ठ्या गळून पडतात.

माझा खरा भरवसा रंगावर. पुष्कळ अंड्यांवरचा रंग भट्टीत भाजलेला नसे, थंड काचेवरच दिलेला असे. अंडे आडवे लोळते, हातात पोटाशी धरले जाते. म्हणून रंग झिजतो तो पोटाशी. सगळीकडे सारखाच विटलेला असेल तर खिसा सांभाळावा.

म्हणूनच ती झीज जपायला हवी. माझ्या परिचयाच्या एका बाईंनी दिवाळीच्या साफसफाईत असले अंडे साबणाने धुतले. फुले गेली, अक्षरे गेली. हाती राहिले ते खुराड्यातले अंडे! कोरडा, मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवावा, तोही रंग सुटत नसेल तरच.